टोमॅटोचा लाल रंग आणि आपली त्वचा
(शेतकरी महिला मेळाव्यातील भाषण)



टोमॅटोच्या तोडणीवर एका भगिनीने मला विचारले, "बाई, उन्हात राबून आमची तोंडं चाळिशीतच सुरकुततात. महागड्या मलमाच्या डबीवर टोमॅटोचा अर्क असल्याचं लिहिलेलं असतं. टोमॅटो तर आमच्या पाटीतच आहेत. मग आम्हाला त्याचा उपयोग का होऊ नये?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर आज पाहू.

उन्हातील अतिनील किरण त्वचेत शिरले की तेथे प्राणवायूची अतिक्रियाशील रूपे तयार होतात व ती पेशींना इजा करतात. कोलॅजन हे त्वचेला घट्ट ठेवणारे प्रथिन आहे. अतिनील किरणांमुळे ते तोडणारी विकरे वाढतात. वासे किडले की छप्पर खचते, तशी कोलॅजन घटल्यावर त्वचा सैल पडते आणि सुरकुत्या येतात.

टोमॅटोचा लाल रंग लायकोपीन या द्रव्याचा असतो. ते अशा क्रियाशील प्राणवायूला निष्प्रभ करते. आपले शरीर लायकोपीन तयार करू शकत नाही, ते आहारातूनच मिळवावे लागते. खाल्लेल्या लायकोपीनचा काही भाग त्वचेत साठतो.

जर्मनीत २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही व्यक्तींना रोज ४० ग्रॅम टोमॅटोचा घट्ट गर ऑलिव्ह तेलासोबत दिला. त्यातून रोज १६ मिलिग्रॅम लायकोपीन मिळत होते. दहा आठवड्यांनी अतिनील किरणांमुळे त्वचेवर येणारी लाली त्यांच्यात सुमारे ४० टक्के कमी आढळली. प्रयोग लहान होता, पण दिशा दाखवणारा होता. मात्र एवढे लायकोपीन मिळण्यास सुमारे अर्धा किलो लाल टोमॅटो लागतात. आमटीतल्या एका फोडीकडून तेवढी अपेक्षा ठेवू नये.

येथे तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

पहिली, टोमॅटो शिजवून व थोड्या तेलासोबत खावा. लायकोपीन तेलात विरघळते आणि शिजवल्याने पेशीतून मोकळे होते. म्हणून फोडणीची चटणी किंवा सार कच्च्या फोडींपेक्षा सरस. लाल गराच्या कलिंगडातही लायकोपीन असते व ते न शिजवताही मिळते.

दुसरी, फळ वेलावर पूर्ण लाल होऊ द्यावे. लांबच्या बाजारासाठी आपण रंग फुटताच तोडणी करतो, ते योग्यच आहे. घरासाठी मात्र पूर्ण पिकलेली फळे राखावीत. तापमान ३० अंशांच्या वर राहिले तर लायकोपीन नीट तयार होत नाही व फळ पिवळट राहते. म्हणून उन्हाळी पिकात पानांची सावली टिकवावी, भरमसाट पाने काढू नयेत.

तिसरी, भाव पडला म्हणून लाल माल बांधावर ओतू नये. निवडक फळे धुऊन, चिरून स्टीलच्या पातेल्यात शिजवावीत. बिनकल्हईचे पितळी भांडे वापरू नये. साल टाकू नये, कारण सालीत लायकोपीन अधिक असते. शिजलेला गर सालीसकट बारीक वाटून आटवावा. घरी तो थोडे दिवसच टिकतो, म्हणून लागेल तेवढाच करावा.

टोमॅटोची फोड थेट चेहऱ्यावर चोळू नये. त्यातील आम्लामुळे आग होऊ शकते. मूतखडा किंवा आम्लपित्ताचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारून प्रमाण ठरवावे.

शेवटी स्पष्ट सांगते, टोमॅटो हा पदराला पर्याय नाही. डोक्यावर रुमाल किंवा टोपी, अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा आणि दुपारी बारा ते तीन सावलीतले काम, हाच पहिला बचाव. ताटातील टोमॅटो त्याला हातभार लावतो. आपल्या पाटीतल्या लाल फळांपैकी चार घरच्या चुलीपर्यंतही जाऊ द्यावीत, एवढे बोलून मी थांबते.