गाडी उंच करण्याआधी

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)



वसई-विरार भागातल्या गॅरेजमध्ये वर्षातून दोन प्रश्न हमखास ऐकू येतात. पावसाळा सुरू झाला की लोक विचारतात, "गाडी खाली लागते हो, जरा उंच करून मिळेल का?" आणि दसरा-दिवाळी जवळ आली की विचारतात, "मोठे अलॉय टाकले तर?" दोन्ही प्रश्न एकाच गाडीचे, बहुधा एकाच मालकाचे. गंमत अशी की, या दोन मागण्या एकमेकींच्या विरुद्ध दिशेला ओढतात. त्या कशा, आणि मग पैसे नेमके कुठे खर्च करावेत, याविषयी आज बोलायचे आहे.

आधी आपले रस्ते पाहू. आपल्या गाडीला एकाच दिवसात किती तऱ्हांचा रस्ता मिळतो! निर्मळ-आगाशीकडे जाणारा वाडीतला अरुंद रस्ता, जिथे समोरून गाडी आली की एक चाक कडेच्या मातीत उतरवावे लागते. नालासोपाऱ्यात आचोळे, तुळिंजकडे पेव्हर ब्लॉक, डांबर आणि गटाराची झाकणे. वालीव-सातिवलीला कारखान्यांच्या अवजड ट्रकांनी दाबलेला रस्ता. तिथून बाहेर पडले की महामार्ग, म्हणजे ताशी ऐंशीचा वेग. रविवारी वज्रेश्वरीला निघालो तर शिरसाड-अंबाडी रस्ता. आणि जुलैत गास-सनसिटी रस्त्यासारखे रस्ते पाण्याखाली. या सगळ्यांवर चालायचे आहे ते एकाच चार चाकांनी.

आता टायरच्या बाजूला लिहिलेले आकडे वाचू. वॅगन आरच्या एक लिटर इंजिनाच्या गाडीला गेली अनेक वर्षे जो टायर येतो, त्यावर १५५/८० आर १३ असे लिहिलेले असते. १५५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ८० म्हणजे टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के, तो आकडा. आर म्हणजे रेडियल आणि १३ म्हणजे रिमचा व्यास, इंचांत. १५५चे ८० टक्के म्हणजे १२४ मिलिमीटर. रिम आणि रस्ता यांच्यामध्ये सव्वाबारा सेंटिमीटरांहून अधिक रबर आणि हवा आहे. छोट्या गाडीची खड्ड्यातली पहिली ढाल हीच. तिला आपण टायरची भिंत म्हणू.

ज्यांनी पद्मिनी चालवली आहे त्यांना ५.२०-१४ हा आकडा आठवत असेल. त्या जुन्या टायरची भिंत जवळपास रुंदीइतकीच उंच असे. खराब रस्ते त्या काळातही होतेच. पण रिम वाकण्याच्या तक्रारी आजच्याइतक्या ऐकू येत नसत, त्यामागे ही भिंत हे एक कारण होते.

आता समजा, १३ इंचांच्या जागी १५ इंचांचे अलॉय टाकले. चाकाचा एकूण व्यास फारसा बदलता कामा नये, नाहीतर चाक आत घासते आणि वेगाचा काटा चुकतो. साधारण ठोकताळा असा, की व्यासातला फरक ३ टक्क्यांच्या आत असावा. मूळ टायरचा व्यास भरतो ५७८ मिलिमीटर. १५ इंचांवर १८५/५५ हा टायर घेतला तर व्यास होतो साधारण ५८४. हिशेब जमला! पण भिंत? ती १२४ वरून १०२ वर आली. म्हणजे खड्ड्यासाठीची ढाल सव्वादोन सेंटिमीटरने कमी झाली आणि गाडी उंच झाली फक्त तीन मिलिमीटर. कारण व्यास वाढला की त्याच्या निम्मीच उंची गाडीला मिळते.

भिंत कमी झालेला टायर खड्ड्याच्या कडेवर आपटला की रिम आणि कड यांच्यामध्ये रबर चिरडले जाते आणि आतले धागे तुटतात. मग भिंतीवर फुगा येतो. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही. तो महामार्गावर कधीही फुटू शकतो. लोखंडी रिम, ज्याला आपण डिस्क म्हणतो, ती वाकते आणि बऱ्याचदा ठोकून सरळ करता येते. अलॉय मात्र तडकू शकते, आणि तडकलेले अलॉय वेल्ड करून वापरू नये. आपल्याकडे खाडीची आणि समुद्राची खारी हवा आहे. डिस्कला गंज चढतो हे खरे. पण अलॉयलाही खारे पाणी सोडत नाही. रंग उडाला की कडेला पांढरे बारीक खड्डे पडतात आणि तिथून हवा हळूहळू जाते. पंक्चर सापडत नाही, तरी दर आठवड्याला हवा कमी! तेव्हा अलॉय घ्यायचेच असेल तर मूळ मापाचे किंवा फार तर एक इंच मोठे घ्यावे. त्याच वॅगन आरच्या १.२ लिटर गाडीला कंपनीच १६५/७० आर १४ हे माप देते. आपल्या गाडीच्या वरच्या प्रकाराला कंपनीने दिलेले माप हा सगळ्यांत सुरक्षित पर्याय. बोल्टांमधले अंतर आणि रिम आत-बाहेर किती येते, तेही मूळ रिमशी जुळले पाहिजे. नाहीतर बेअरिंगवर भार येतो आणि स्टिअरिंग हाताला ओढते.

आता दुसरा प्रश्न, उंचीचा. माहितीपत्रकात १६० ते १७० मिलिमीटर असा आकडा असतो. तो बहुधा रिकाम्या गाडीचा असतो. मोठ्या गाड्यांवरच्या कराच्या व्याख्येत १७० मिलिमीटरची अट आहे. ती उंची रिकाम्या गाडीचीच धरायची, असा खुलासा जीएसटी परिषदेला जुलै २०२३ मध्ये मुद्दाम करावा लागला, कारण भरलेली गाडी वेगळा आकडा दाखवते. पाच माणसे सरासरी ६५ किलोंची धरली तर सव्वातीनशे किलो झाले. वर पिशव्या. स्प्रिंग तीन-चार सेंटिमीटर सहज दबते. आपल्याकडे अनेकांनी बाहेरून सीएनजी किट बसवून घेतले आहे. त्या सिलिंडरचे वजन साठ किलोंच्या आसपास, तेही सगळे मागे. कंपनीतून येणाऱ्या सीएनजी गाडीत मागची स्प्रिंग त्या वजनाच्या हिशेबाने दिलेली असते. बाहेरून किट बसवताना तिचा विचार बहुधा होतच नाही.

म्हणून गाडी खाली लागते तेव्हा पहिला प्रश्न विचारावा : नवी असताना ती इथेच लागत होती का? नसेल, तर गाडी बुटकी नाही, थकलेली आहे. स्प्रिंग बसली आहे किंवा शॉकॲब्सॉर्बर गेले आहेत. शॉकॲब्सॉर्बर गेला की गाडी खड्ड्यातून बाहेर आल्यावर दोन-तीन वेळा डोलते, आणि त्या डोलण्यातच चेंबर आपटतो. अशा गाडीला मूळ मापाची स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बर टाकले की हरवलेली उंची परत मिळते.

त्याऐवजी काय केले जाते? स्प्रिंगच्या वेढ्यांत रबराचा बफर अडकवला जातो किंवा वर स्पेसर घातला जातो. बफरने गाडी थोडी वर येते. पण तेवढे वेढे काम करायचे थांबतात, गाडी कडक होते आणि धक्का थेट वरच्या माउंटिंगला बसतो. स्पेसरने दोन-तीन सेंटिमीटर उंची मिळते, पण इंजिनापासून चाकापर्यंत जाणाऱ्या दांड्यांचा कोन बदलतो, चाकांचा कल बदलतो आणि टायर एका बाजूने झिजतात. वजन वर गेल्यामुळे वळणावर गाडी जास्त झुकते. समोर अचानक रिक्षा आली आणि झटकन स्टिअरिंग फिरवावे लागले, तर ही उंची नेमकी उलटते.

रस्त्यावरच्या गतिरोधकांचेही एक माप ठरलेले आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार गोल गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा. त्यावरून भरलेली छोटी गाडीही हळू गेली तर लागायला नको. लागते ती सोसायटीच्या दारात हातभर रुंदीच्या, सिमेंटच्या उभ्या बांधावर. तिथे गाडी बदलण्यापेक्षा तो बांध बदलून घेणे सगळ्यांनाच स्वस्त पडते.

आणि पाणी? १० जुलै २०१८ रोजी वसई-विरारदरम्यान रुळांवर पाणी चढून गाड्या बंद पडल्या होत्या, हे कोणी विसरलेले नाही. अशा पाण्यात गाडी एक इंच उंच असून काहीही साधत नाही. इंजिन हवा घेते ती जागा स्पेसरमुळे फार वर जात नाही, आणि पाण्याखालचे उघडे गटार तर कोणालाच दिसत नाही. पाणी चाकाच्या मध्याला, म्हणजे सुमारे २९ सेंटिमीटरला टेकले, की गाडी पुढे घालू नये. उंच केलेल्या गाडीचा खरा धोका हाच, की ती आपल्याला नको तिथे धीर देते.

थोडे कायद्याचे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, नोंदणीतला तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही ९ जानेवारी २०१९ च्या निकालात हे स्पष्ट केले. विमा कंपनीलाही बदल कळवावा लागतो. न कळवल्यास दाव्याच्या वेळी अडचण येऊ शकते.

मग खर्च कोणत्या क्रमाने करावा? पहिली हवा. दारात चिकटवलेल्या तक्त्यात दिलेली हवा दर पंधरा दिवसांनी, टायर थंड असताना तपासावी. ओल्या रस्त्यावर टायर पाण्याच्या थरावर तरंगू लागतो तो वेग हवेवर अवलंबून असतो. अभियंत्यांच्या ठोकताळ्याने ३३ पौंड हवेला तो ताशी ९५ किलोमीटर भरतो, २४ पौंडांना ८०. टायर गोटा झालेला असेल तर त्यासाठी पाणीही कमी पुरते. दुसरी नक्षी. खाचांच्या तळाशी १.६ मिलिमीटर उंचीच्या आडव्या पट्ट्या असतात. नक्षी झिजून त्यांना टेकली की टायर बदलायचाच, आणि पावसाळ्याच्या तोंडावर तर त्याआधीच. तिसरी तारीख. भिंतीवर शेवटचे चार आकडे पाहा : ३२२१ म्हणजे २०२१ सालचा बत्तिसावा आठवडा. नवा म्हणून जुना टायर गळ्यात पडत नाही ना, हे त्यावरून कळते. चौथे शॉकॲब्सॉर्बर आणि स्प्रिंग. पाचवे अलाइनमेंट. आणि हे सगळे झाल्यावर पैसे उरले, तर अलॉय.

स्टेपनी मात्र विसरू नका. चार चाके १४ इंची आणि डिकीत १३ इंची, अशी बरीच वाहने एम.एच. ४८च्या पाटीखाली फिरताना दिसतात. वेगळ्या मापाच्या स्टेपनीवर ताशी पन्नासच्या आत, जवळच्या पंक्चरवाल्यापर्यंतच जावे. पुढच्या रविवारी हवा भरायला गेलात की पाचव्या चाकाचीही तपासून घ्या.