लसणातली साखर



ठेच्यात अन् भरतात लसूण कमी पडला, तर खानदेशातली पंगत रुसायचीच! पण हा तिखट लसूण वाळवला, की उरलेल्या भागात निम्म्याहून अधिक साखरच असते, हे पटेल का? फळसाखरेचे कण माळेसारखे गुंफलेले, म्हणून जिभेला गोडी कळत नाही. तिचे नाव फ्रुक्टान.

प्रयोगशाळेत ठेचलेला लसूण गरम पाण्यात ठेवून गाळतात. त्या पाण्यात मद्यार्क ओतला, की पांढरा साका खाली बसतो. तो आपल्याला पचत नाही. मोठ्या आतड्यातले उपकारक जंतू मात्र त्यावर पोसतात. ते वाढतात का, हे काचनळीत तपासतात. काचनळीतले जसेच्या तसे माणसाच्या पोटात घडेलच असे नाही, आणि आपण बाया नेमके तेच विसरतो.

धुळ्याच्या माझ्या जाऊबाई ऐकीव माहितीवर रोज अनशापोटी अख्खा गड्डा खाऊ लागल्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या त्यांनी बंद केल्या. पोट फुगे, ते त्या साखरेमुळेच. तेवढे त्यांनी सोसले. पण एके सकाळी शेगडीपुढेच भोवळ येऊन पडल्या. आता गोळी रोज घेतात, लसूण ठेच्यापुरता.