दुरुस्त झालेली गाडी ताब्यात घेताना



आमच्या मुरबाड तालुक्यात म्हशाची जत्रा भरते. तेथे बैल घेणारा शेतकरी नुसत्या रंगवलेल्या शिंगांना भुलत नाही. तो दात पाहतो, खुरांवरून हात फिरवतो, बैलाला दहा पावले चालवून बघतो आणि मगच कनवटीला हात घालतो. पण हाच शेतकरी, किंवा त्याचा शिकलेला मुलगा, अपघातानंतर दुरुस्त झालेली मोटार आणायला गेला की रंगाची चकाकी पाहतो आणि सही ठोकून मोकळा होतो. मीही असाच मोकळा झालो होतो. त्या एका सहीची हकिगत आज आपल्याला सांगावयाची आहे.

दोन पावसाळ्यांपूर्वीची गोष्ट. शहापुराहून मुरबाडकडे येत होतो. किन्हवली मागे पडली आणि गुरे आडवी आली. त्यांना चुकवताना गाडी मोरीच्या कठड्यावर आदळली. देवाची कृपा, माणसे वाचली. पण पुढच्या डाव्या अंगाचा चुराडा झाला. विमा होता. कंपनीचा सर्व्हेयर येऊन पाहून गेला. कोणता भाग बदलायचा आणि कोणता दुरुस्त करायचा, हे त्याने लिहून दिले. गाडी शहरातल्या एका गॅरेजात गेली. तीन आठवड्यांनी निरोप आला, "तयार आहे, घेऊन जा."

गाडी आरशासारखी दिसत होती. समोर एक छापील कागद आला. 'काम समाधानकारक झाले' अशा अर्थाचा तो मजकूर. कॉलेजात तास होता, मी घाईत होतो. वर्गात मुलांना "वाचल्याशिवाय सही करू नका" असे बजावणारा मी, न वाचता सही करून बाहेर पडलो!

आठ दिवसांत लक्षात आले की हात जरा सैल सोडला की गाडी डावीकडे ओढते. दीड महिन्यात पुढचा डावा टायर आतल्या कडेने घासून गुळगुळीत झाला. सरळगावच्या एका मिस्त्रीने गाडी वर उचलली, खाली वाकून पाहिले आणि म्हणाला, "सर, बिल नव्या लोअर आर्मचं आहे ना? हा जुनाच ठोकून सरळ केलाय." लोअर आर्म म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी धरून ठेवणारा खालचा दांडा. तो किंचित जरी वाकलेला राहिला, तरी चाक सरळ रेषेत राहत नाही.

मंडळी, हा नुसता पैशांचा प्रश्न नव्हे. पावसाळ्यात माळशेजच्या घाटात धुके उतरते, चार हातांवरचे दिसत नाही. एका अंगाला दरी असते. अशा ठिकाणी डावीकडे ओढणारी गाडी, आणि तिच्यात आपली मुलेबाळे!

मग काय करावे? पहिली गोष्ट, तोंडी भांडू नये, लिहून द्यावे. मी मिस्त्रीकडून दोष लिहून घेतला, घासलेल्या टायरचे फोटो काढले. तारखेनिशी एक पत्र गॅरेजला व एक विमा कंपनीला पाठवले, पोच जपून ठेवली. गॅरेजवाले आधी म्हणाले, "गाडी जुनीच आहे, साहेब." मी सर्व्हे अहवालाची प्रत मागून घेतली होती. तिच्यात त्या दांड्यापुढे 'बदलणे' असे स्पष्ट लिहिले होते. कंपनीने पुन्हा तपासणी केली आणि नवा दांडा बसला. टायरचे पैसे मात्र माझे मलाच भरावे लागले, कारण तक्रार करायला मी दीड महिना लावला होता.

दुसरी गोष्ट, दावा कोणावर, हे ओळखावे. काम वाईट झाले तर पहिला जबाब गॅरेजने द्यावयाचा. मंजुरी कमी दिली किंवा दाद दिली नाही, तर जबाब विमा कंपनीचा. मात्र साध्या पॉलिसीत रबर व प्लॅस्टिकच्या भागांवर निम्मी रक्कम घसारा म्हणून कापली जाते. ती फसवणूक नव्हे, तो कराराचाच भाग आहे.

तिसरी गोष्ट, दार कोणते ठोठवावे. कंपनीला लेखी तक्रार करून महिनाभरात उत्तर आले नाही किंवा उत्तर पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. तेथे फी नाही, वकील नाही. पण लोकपाल पाहतो ते कंपनीविरुद्धचे गाऱ्हाणे, गॅरेजविरुद्धचे नव्हे. गॅरेजसाठी जिल्हा ग्राहक आयोग आहे. १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा जाऊन २०१९ चा नवा कायदा आला आणि तो २०२० च्या जुलैपासून लागू आहे. त्याने मोठी सोय केली. गॅरेज कोणत्याही शहरात असो, तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. म्हणजे शहापूर-मुरबाडकरांना आपला ठाणे जिल्हाच पुरे. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. मुदत दोन वर्षांची. आधी सल्ला हवा असेल तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे.

समाधानाच्या कागदावर सही झाली म्हणून हक्क बुडतो असे नाही. पण आपले म्हणणे शाबीत करणे जड जाते. म्हणून सही करण्याआधी गाडी दहा किलोमीटर चालवा, थोडी खडबडीत वाटही घ्या. दिवसाउजेडी रंग पाहा, रात्री दिव्यांचा झोत पाहा. बदललेले जुने भाग दाखवावयास सांगा. बिल आणि सर्व्हे अहवाल शेजारी ठेवून एकेक ओळ ताडून बघा. शंका राहिली तर सहीच्या वर 'तपासणीच्या अधीन' असे लिहा.

शिक्षकबंधूंना व भगिनींना एक विनंती. गावात कागद वाचून दाखवणारा माणूस म्हणून लोक आपल्याकडेच येतात. एखाद्या जीपवाल्याने असा कागद आणला तर पाच मिनिटे द्या. ती जीप उद्या आपलीच पोरे शाळेला घेऊन जाणार आहे.

बैलाचे दात पाहण्यात आपल्याला कधी संकोच वाटला नाही. मग गाडीखाली वाकून पाहण्यात तो का वाटावा?