थंडीच्या दिवसांतील मोटार
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनी आपल्याकडे कोणी पाककृतीवर बोलते, कोणी मुलांच्या अभ्यासावर. मी मोटारीवर बोलणार असे कळविले तेव्हा चिटणीसबाई हसल्याच. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, आणि मोटार चालविण्याचा परवानाही माझ्याजवळ नाही. पण आमच्या घरी गेली नऊ वर्षे मोटार आहे. चालविणारा एक असतो आणि बसणाऱ्या आपण चौघीजणी, मांडीवर मुले घेऊन. बोलायला एवढा अधिकार पुरे आहे असे मला वाटते.

निलंग्याला काही बर्फ पडत नाही. आपल्या भागातील मुले सैन्यात लडाखकडे असतात, तिकडची गोष्ट निराळी. तेथे इंजिनात नुसते पाणी राहिले तर ते गोठून फुगते आणि लोखंडाला तडा जातो. डिझेलसुद्धा तुपासारखे थिजते. म्हणून इंडियन ऑइलने २०१९ साली उणे ३३ अंशांपर्यंत न थिजणारे डिझेल तिकडे पुरविण्यास आरंभ केला. आपल्याकडे पहाट फार तर दहा-बारा अंशांवर उतरते. पण त्याच दिवसांत तेरणा-मांजरेच्या काठाने धुके धरते, त्याच दिवसांत उसाचा हंगाम असतो, आणि तुळशीचे लग्न लागले की आपली लग्नकार्ये, दत्तजयंतीला गाणगापूर, वेळअमावस्येला शेत, मग संक्रांत. सगळ्यांनाच पहाटे निघायची घाई! आपल्या थंडीचे संकट ते हे.

आधी घरच्या घरी करण्याच्या गोष्टी सांगते.

थंडीत सकाळी मोटार कुरकुरते, याला दोन कारणे. इंजिनातले तेल घट्ट होते, आणि गारठ्यात बॅटरीचा जोर कमी होतो. बॅटरी तीन-चार वर्षांची झाली असेल तर दिवाळीनंतर मिस्त्रीकडून तपासून घ्यावी. पहाटे वऱ्हाड दारात उभे असताना तिची परीक्षा पाहू नये. तिच्या टोकांवर पांढरी-हिरवी बुरशी दिसली तर आधी वजा खुणेची तार सोडवावी, मग सोडा घातलेल्या कोमट पाण्याने टोके पुसून कोरडी करावीत आणि व्हॅसलीनचे बोट फिरवावे. पाणी घालण्याची बॅटरी असेल तर त्यात डिस्टिल्ड वॉटरच घालावे, नळाचे कधीही नाही. आत किती पाणी आहे हे पाहण्यास काडी ओढू नये, त्यातून निघणारा वायू पेट घेतो. सेल्फ मारताना दिवे, पंखा बंद ठेवावेत. पाच-सहा सेकंदांत लागली नाही तर अर्धा मिनिट थांबावे. यजमानांना हे सांगितले की ते म्हणतात, “तू मागे बस.” मी मागे बसते आणि मोजते.

टायरमधली हवा थंडीत आकसते. उन्हाळ्यात दुपारच्या चाळीस अंशांत भरलेली हवा डिसेंबरच्या पहाटे दहा अंशांत चार-पाच पौंडांनी उतरते, मग पंक्चर नसतानाही चाक बसल्यासारखे दिसते. किती हवा हवी तो आकडा बहुधा चालकाच्या दाराच्या कडेला चिकटविलेला असतो. मोटार फार चाललेली नसताना मोजावी, आणि स्टेपनी विसरू नये.

कूलंट थंड मुलखासाठीच असते असा पुष्कळांचा समज आहे. ते गंज रोखते, आणि इंजिन फार तापले तरी लवकर उकळत नाही. आपल्या बोअरच्या पाण्याने बंबाला आतून पांढरा थर बसतो ना, तसाच तो रेडिएटरला बसतो, म्हणून पैसे वाचविण्यास साधे पाणी ओतू नये. इंजिन तापलेले असताना ते झाकण उघडणे म्हणजे उकळती वाफ तोंडावर घेणे होय.

उंदरांचा उपद्रव आपल्याला पदरचा माहीत आहे. थंडीत ऊब शोधत ते बोनेटखाली शिरतात आणि तारा कुरतडतात. कोणी तंबाखूच्या पुरचुंड्या बांधतात, कोणी डांबराच्या गोळ्या ठेवतात. माझ्या मते उंदराला त्या वासाची चार दिवसांत सवय होते. मोटारीजवळ धान्य, पेंड, सरमाड न ठेवणे हाच खरा उपाय. मांजरही इंजिनाच्या उबेला येऊन बसते, म्हणून सकाळी बोनेटवर दोन थापा माराव्यात.

काचेवर आतून दव धरते ते बाहेरच्या धुक्याचे नसते, आपल्याच श्वासाचे असते. वरणाच्या पातेल्यावरच्या झाकणाला पाणी सुटते तसेच हे. हाताने पुसले की काच चिकट होते आणि पुन्हा लवकर धुरकटते. काच आतून स्वच्छ ठेवावी, गरम वारा काचेकडे सोडून एसी चालू करावा. तो हवेतला ओलावा ओढून घेतो. एसी नसेल तर दोन्हीकडच्या काचा दोन बोटे खाली कराव्यात. मुलांना थंडी वाजते म्हणून बंद पडवीत इंजिन चालू ठेवून मोटारीत बसवू नये. त्या धुरातल्या विषारी वायूला वास नसतो, झोप लागल्यासारखा माणूस जातो.

आता रस्त्याचे. धुक्यात अप्पर लावला की प्रकाश उलटून डोळ्यांवरच येतो, समोर पांढरी चादर धरल्यासारखे होते. डिप्परच लावावा. चालत्या मोटारीचे चारही इंडिकेटर लावू नयेत, आपण कोठे वळणार ते मागच्याला कळत नाही. आणि मागे बसणाऱ्यांनीही पट्टा बांधावा असा कायदाच आहे. लुगडे चुरगळते हे कारण चालणार नाही.

पण सर्वांत मोठी धास्ती उसाच्या वाहनांची. गेल्या वर्षी मार्गशीर्षात आम्ही पहाटे लग्नाला निघालो होतो. धुक्यात एक जोडट्रॉली चाक बसून रस्त्यातच उभी. मागे दिवा नाही, चार दगड आणि वाढ्याची एक मोळी एवढीच खूण. यजमान अगदी हळू चालवीत होते म्हणून मोटार दोन हातांवर थांबली. माझी धाकटी मांडीवर झोपली होती, तिला काही कळलेही नाही. त्या दिवसापासून आमच्या घरी ठरले आहे की थंडीत सूर्य वर आल्याशिवाय मोटार दाराबाहेर काढायची नाही. मुहूर्त चुकला तर अक्षता नंतर टाकू. वेळअमावस्येला आंबिलीचे मडके आणि भज्जीची पाटी उन्हे आल्यावर निघाली म्हणून पांडव रागावत नाहीत. हे सांगायला परवाना लागत नाही, भगिनींनो, आपण सांगितले तर घरात ऐकतात.

मात्र आपण उशिरा निघालो तरी उसाच्या टायरगाड्या रात्री-पहाटे चालणारच. त्यांच्यावर तोडीच्या बायका लेकरे घेऊन बसलेल्या असतात. मागून येणाऱ्या मोटारीला त्या दिसत नाहीत, आणि धडक बसली तर आधी त्याच सापडतात.

म्हणून मंडळापुढे एक सूचना ठेवते. संक्रांतीला आपण प्लास्टिकचे डबे आणि गाळण्या लुटतो, त्या घरोघरी धूळ खात पडतात. यंदा ज्यांना पटेल त्यांनी वाणाचे पैसे चिटणीसबाईंकडे द्यावेत, आणि त्यांतून गाड्यांना लावण्याची रेडियमची पट्टी आणावी. गाडीला मागे तांबडी आणि पुढे पांढरी लावतात. धुळीच्या किंवा ओल्या फळीवर ती धरत नाही, तेव्हा कोरडे फडके बरोबर घ्यावे. मुकादमाला आदल्या दिवशी निरोप धाडून, बैल सोडलेले असतील अशा वेळी कोप्यांवर जावे, आणि त्या बायकांनाही हळदीकुंकू लावून तिळगूळ द्यावा. माझे नाव वहीत पहिले लिहून ठेवले आहे.