पुस्तकांच्या शिक्षणाला गटाचं कर्ज

आम्ही पनवेल तालुक्यातल्या एका बचत गटातल्या बारा जणी. माइकपुढे एकच जण बसली आहे, पण काय बोलायचं ते सगळ्यांनी मिळून ठरवलं आहे. एका गोष्टीवर आमचं अजून एकमत नाही. तीही सांगू.

गटाच्या वहीत कर्जापुढे कारण लिहावं लागतं. शेळी, घराचे पत्रे, दवाखाना, पोराची फी, लग्न, आणि आमच्याकडे हमखास असतं ते म्हणजे हळद. दोन वर्षांपूर्वी जूनच्या बैठकीत एक नवं कारण आलं, ‘बी.लिब.’ लिहिणारीनेच विचारलं, हे कसं लिहायचं गं?

अर्ज आमच्यातल्या एका मावशींच्या सुनेचा होता. बी.ए. झालेली, पदरी चार वर्षांचा मुलगा, नवरा टेम्पो चालवतो. ती पनवेलला एका शिकवणीच्या क्लासच्या ऑफिसात बसायची. पगार महिना ७,००० रुपये. तिला ग्रंथपाल व्हायचं होतं आणि त्यासाठी एक वर्षाची पदवी घ्यायची होती. कुठल्याही शाखेची पदवी असली की हे शिक्षण घेता येतं. बी.लिब. एक वर्ष, पुढे एम.लिब. आणखी एक वर्ष.

मावशींनीच पहिला प्रश्न विचारला. “पुस्तक द्यायचं नि परत घ्यायचं, त्यात वर्षभर शिकायचं काय?” आम्ही हसलो, पण प्रश्न आमच्याही मनात तोच होता.

सुनेने बरं समजावलं. ती म्हणाली, आपल्या गटाची वही ज्या ताईंकडे असते त्यांना कोणाचं कर्ज कुठल्या पानावर ते तोंडपाठ आहे. त्या आजारी पडल्या की आपली बैठक अडते. ग्रंथालयात हजारो पुस्तकं असतात आणि तिथे कोणाच्या पाठांतरावर काम चालत नाही. प्रत्येक पुस्तकाला विषयाप्रमाणे नंबर द्यायचा, तो नंबर वहीत आणि कॉम्प्युटरवर चढवायचा, आणि उद्या कोणी नवी बाई त्या खुर्चीवर बसली तरी भातावरच्या करप्याचं पुस्तक तिला दोन मिनिटांत सापडलं पाहिजे. त्याचं हे शिक्षण. शिवाय समोरच्या माणसाला नेमकं काय हवं आहे हे ओळखायचं, कारण पुष्कळांना ते धड सांगता येत नाही. यावर मावशी गप्प झाल्या. पटलं म्हणून की नाही, ते कळलं नाही.

मग पैशाचं आलं. आम्हाला वाटलं, मोठा आकडा फीचा असणार. वही उघडून मांडलं. फी आणि परीक्षेचे मिळून १४,००० च्या आसपास. पनवेलहून मुंबईपर्यंतचा लोकलचा पास, झेरॉक्स, पुस्तकं, वरखर्च धरून आणखी १०,०००. झाले २४,०००. आणि बुडणारा पगार? बारा महिन्यांचे ८४,०००! शिक्षणाचा खर्च म्हणून कोणी हा आकडा धरत नाही. शिष्यवृत्तीच्या अर्जात त्याला रकाना नसतो. पण लग्न झालेली, कमावती बाई शिक्षण सोडते ती बहुतेक याच आकड्यापायी.

बायांना ग्रंथालयाचं शिक्षण द्यायचं तर कोणीतरी पैसा घालावा लागतो, ही गोष्ट जुनीच आहे. आमच्यातल्या एकीला वाचनाची आवड आहे, तिने थोडं शोधून आणलं. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड मूळचे नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे, शेतकऱ्याघरचे. त्यांनी १९१० साली अमेरिकेहून बोर्डन नावाचे ग्रंथपाल बोलावले, राज्यात गावोगावी ग्रंथालयं काढली, लाकडी पेट्यांतून पुस्तकं खेड्यांत धाडली आणि १९११ मध्ये ग्रंथपालांसाठी शिकवणीचा वर्ग सुरू केला. आपल्या देशातला असा पहिला वर्ग तो मानतात.

दुसरे मद्रासचे रंगनाथन. हे आधी गणिताचे मास्तर. १९२४ साली विद्यापीठाने ग्रंथपाल केलं तर त्यांना ते काम नकोसं झालं, परत शिकवायला जाऊ द्या म्हणाले. विद्यापीठाने त्यांना शिकायला लंडनला पाठवलं. तिथून आले ते जन्मभराचे ग्रंथपाल होऊनच. त्यांचा जन्मदिवस १२ ऑगस्ट, तो देशात ग्रंथपाल दिन म्हणून पाळतात. उतारवयात त्यांनी स्वतःच्या साठवणीतले एक लाख रुपये मद्रास विद्यापीठाला दिले, ग्रंथालयशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापकाचं पद कायम राहावं म्हणून. त्या पदाला नाव दिलं बायकोचं, शारदा रंगनाथन. १९६१ मध्ये बंगळूरला याच विषयासाठी निधी उभा केला, त्यालाही शारदाबाईंचंच नाव. घरखर्चातून लाख रुपये बाजूला पडतात तेव्हा त्यात घरच्या बाईची काटकसर असतेच, हे आम्हाला कोणी वेगळं सांगायला नको.

त्याच १९६१ साली आपल्या मुंबईत एस.एन.डी.टी. महिला विद्यापीठाने ग्रंथालयशास्त्राचं शिक्षण सुरू केलं. महर्षी कर्व्यांनी १९१६ मध्ये काढलेलं हे बायकांचं विद्यापीठ. ज्या मुलींच्या घरून मुलांबरोबर शिकायला नको म्हणतात त्यांनी हे नाव लक्षात ठेवावं. घर सोडता येत नाही, मजुरी किंवा नोकरी बुडवता येत नाही, त्यांच्यासाठी नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आणि इग्नू आहेत. दोन्हीकडे बी.लिब. आणि एम.लिब. घरून अभ्यास करून होतं. आमच्या सुनेने आधी ही चौकशी केली असती तर तिचा पगार बुडालाच नसता. तिने कॉलेजात प्रवेश घेऊन टाकला होता, मग आम्हाला कळलं.

गटाच्या बैठकीत खरी वादावादी व्याजावर झाली. आमच्या गटात शेकडा दोन रुपये महिना व्याज आहे. म्हणजे वर्षाला चोवीस टक्के. बँकेपेक्षा जास्तच, पण ते व्याज आपल्याच गटात राहतं म्हणून बायका देतात. शेळी घेतली, वर्षात विकली, फेडलं, इथवर ते चालतं. शिक्षणाचं तसं नाही. एक ताई म्हणाल्या, “म्हैस दुसऱ्या महिन्याला दूध देते, हे शिक्षण दूध कधी देणार?” दुसरी म्हणाली, “म्हैस मरतेसुद्धा.” तासभर हेच. शेवटी २४,००० रुपये शेकडा एक रुपयाने दिले. वर्षभर फक्त व्याज, महिना २४० रुपये, आणि मुद्दल परीक्षेनंतर तीन महिन्यांनी सुरू. चार जणींना हे मान्य नव्हतं, आजही नाही. त्यांचं म्हणणं, घराच्या पत्र्यांना दोन रुपये आणि पुस्तकांना एक, हा कुठला न्याय? त्यांना देण्यासारखं उत्तर आमच्याकडे नाही.

बँकेचं कर्जही आम्ही पाहिलं. विद्यालक्ष्मी पोर्टलवर त्यासाठी अर्ज करता येतो. चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला सहसा तारण लागत नाही, हप्ते शिक्षण संपल्यावर साधारण वर्षाने सुरू होतात, आणि काही बँका मुलींना व्याजात अर्धा टक्का सवलत देतात. पण मधल्या काळात व्याज चढत राहतं, हे सही करण्याआधी विचारून घ्या. रक्कम मोठी असेल तर बँक बरी. चोवीस हजारांसाठी आम्हाला गटच सोयीचा वाटला.

शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर भरला. ही गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण इथेच आम्ही पडलो. पदवीच्या गुणपत्रिकेवर तिचं माहेरचं नाव, आधारवर सासरचं. अर्ज परत आला. मग लग्नाच्या नोंदणीचा दाखला जोडला. पदवीनंतर मध्ये पाच वर्षं शिक्षण बंद होतं, त्या खंडाचं प्रतिज्ञापत्र करावं लागलं. उत्पन्नाचा दाखला ३१ मार्चला संपतो, तो नवा काढला. एवढं करून मंजुरी आली, पण पैसे काही खात्यात दिसेनात. दोन महिने चौकशी केली तेव्हा समजलं, पैसा आधारला जे खातं शेवटचं जोडलेलं असतं त्यात जातो. तिचं आधार जोडलेलं होतं माहेरच्या गावातल्या, लग्नाआधीच्या खात्याला. पैसे तिथे जाऊन बसले होते. आले कधी, तर परीक्षा होऊन गेल्यावर!

म्हणून सांगतो, शिष्यवृत्ती मंजूर होणार या भरवशावर फी भरायची तारीख धरू नका. ती मागून येते. मधलं अंतर कोणीतरी भरून काढावं लागतं, आणि ते गट करू शकतो. प्रवेशाआधी तीन गोष्टी पाहा. आपला अभ्यासक्रम त्या कॉलेजच्या नावापुढे पोर्टलवर दिसतो का, सगळ्या कागदांवर नाव एकच आहे का, आणि आधार कुठल्या खात्याला जोडलं आहे. ज्यांच्या जमिनी नवी मुंबईसाठी गेल्या त्या घरच्या मुलांना सिडकोचं विद्यावेतन असतं, त्याचीही चौकशी करा. जमिनीचे पैसे आमच्या भागात हळदीत आणि गाड्यांत किती गेले, ते इथे काढत नाही.

आता बुडालेला पगार. क्लासवाल्यांशी बोलून तिने संध्याकाळचे तीन तास काम ठेवलं, महिना ३,०००. तरी वर्षाला ४८,००० कमी पडले. ते कोणी भरले? मावशींनी. वहीत त्यांच्या नावावर एक पैसाही नाही, पण नातवाला सांभाळायला त्यांनी आठवड्यातले तीन दिवस पनवेलच्या बाजारात भाजी घेऊन बसणं सोडलं. पहाटे साडेपाचला सुनेचा डबा तयार. ज्या बाईने बैठकीत पहिली शंका काढली तीच.

बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली अमेरिकेला शिकायला गेले ते याच सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर, महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. त्या बदल्यात दहा वर्षं बडोद्याची नोकरी करायचा करार होता. तो आकडा पुस्तकांत सापडतो. त्या वर्षांत मुंबईच्या चाळीत रमाबाईंनी घर कशावर चालवलं, त्याचा आकडा कुठे सापडत नाही. पुढे बडोद्याला नोकरीवर गेले तर बाबासाहेबांना जातीमुळे राहायला जागा मिळेना. पैसा मिळाला म्हणून सगळं मिळत नाही, हे आमच्या सुनेच्या नोकरीतही दिसलं, अर्थात फार लहान प्रमाणात.

ती पास झाली. पहिला वर्ग. तिला वाटत होतं गावातल्या वाचनालयात जागा मिळेल. महाराष्ट्रात १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे, त्याखाली गावोगावच्या वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग आणि त्याप्रमाणे अनुदान मिळतं. गावातली वाचनालयं बहुतेक खालच्या वर्गांत. तिथल्या ग्रंथपालाला जे हातात पडतं त्यात कर्ज फिटणार नाही. त्या कामाला काही महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रमही पुरतो. उलट कॉलेजात ग्रंथपाल व्हायचं तर एम.लिब. ला किमान ५५ टक्के आणि वर नेट परीक्षा लागते. बी.लिब. हे या दोन्हींच्या मधलं. कर्ज मागणाऱ्या मुलीला गटाने आधी हेच विचारावं, शिकून कुठल्या खुर्चीवर बसणार? आम्ही विचारलं नव्हतं.

तिला सहा महिने काही मिळालं नाही. मुद्दलाचे हप्ते तीन वेळा चुकले. त्या चार जणींनी प्रत्येक बैठकीत आठवण करून दिली, आणि ती त्यांनी द्यायलाच हवी होती. मग एका शाळेत कंत्राटावर जागा मिळाली, महिना ११,०००. माहेरच्या खात्यातली शिष्यवृत्ती आणून तिने मुद्दलातले १२,००० एकदम भरले. बाकीचे हप्ते या दिवाळीत संपले.

शाळेत तिने काय केलं ते बघायला आम्ही एकदा गेलो. पाच कपाटं, आधी कुलपात होती. आता पोरं रांगेत उभी राहून पुस्तकं नेतात आणि नोंद स्वतः करतात. मावशींनी एक पुस्तक हातात घेऊन पाठीवरचा नंबर वाचला आणि सुनेला म्हणाल्या, “हे दुसऱ्या कपाटातलं आहे, इथे कसं?” बरोबर होतं ते.

आता तिचा नवा अर्ज आला आहे, एम.लिब. साठी, या वेळी मुक्त विद्यापीठातून, नोकरी सांभाळून. शेजारच्या पाड्यावरच्या गटातल्या एका मुलीनेही बी.लिब. ची चौकशी केली आहे. बैठक पाच तारखेला आहे. व्याज एक रुपया की दोन, यावर त्या चार जणी आणि आम्ही आठ जणी पुन्हा समोरासमोर बसणार आहोत. मावशी या वेळी कोणाच्या बाजूला, ते त्यांनी अजून सांगितलेलं नाही.