कॅमेरा तोंडावर नको, वहीवर धरा

(प्रभागसंघाच्या वार्षिक सभेत आपल्या क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं भाषण. ज्यांना सभेला येता आलं नाही, त्यांच्यासाठी इथं देत आहोत.)



मला 'ऑनलाइन शिकवण्याचा अनुभव' यावर बोलायला सांगितलंय. विषय साधा वाटतो, पण त्याच्यामागं एक ठराव आहे, हे तुम्हाला माहीत आहे. सीआरपींचं दर महिन्याचं प्रशिक्षण पुढच्या वर्षापासून पूर्णपणे फोनवर घ्यावं, म्हणजे प्रवासभत्ता आणि जेवणाचा खर्च वाचेल, असं काही जणींचं म्हणणं आहे. खर्च वाचेल, यात वाद नाही. पण हात वर करण्याआधी एवढ्या वर्षांत फोनवरून शिकवताना काय जमलं आणि काय जमलं नाही, ते बघूया.

मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला तेव्हा मी इथं नव्हते. माझं एमएसडब्ल्यूचं शिक्षण चालू होतं, आणि तेही फोनवरच. त्यामुळं इथलं जे सांगते ते आपल्या जुन्या सीआरपी ताईंकडून ऐकलेलं. बैठका बंद पडल्या. व्हॉट्सअ‍ॅपच्या व्हिडिओ कॉलवर तेव्हा चौघीच बसायच्या, एप्रिलमध्ये आठ जणींची सोय झाली. आपल्या सीआरपी अकरा. म्हणजे दर वेळी तिघी बाहेर! मग ताईंनी ठरवलं, आज ज्या कॉलवर होत्या त्यांनी उद्या सकाळी राहिलेल्या तिघींना शिकवायचं. नाइलाजानं केलेली सोय होती ती. पण आजही त्या म्हणतात, की खरं शिकणं त्या दुसऱ्या फेरीतच झालं. उद्या आपल्याला सांगायचंय म्हटल्यावर बाई वेगळ्याच कानानं ऐकते, नाही का?

पुढं झूम आलं. ते फुकटात वापरलं की चाळीस मिनिटांत कॉल तुटायचा. निम्मा वेळ "आवाज येतोय का, आवाज येतोय का" यातच जायचा. मग स्वागत, प्रास्ताविक, आभार हे सगळं गळालं आणि मुद्दा पहिल्या पाच मिनिटांत यायला लागला. (आपल्या समोरासमोरच्या सभांनीही एवढं शिकायला हरकत नव्हती, असं मी हळूच म्हणते.)

आता चिंचोक्यांची गोष्ट, कारण मला सगळ्यात जास्त त्यातूनच शिकायला मिळालं. घटत्या शिलकीवरचं व्याज हा शिकवायला अवघड भाग. समजा एका ताईंनी गटातून ५,००० रुपये कर्ज घेतलं, महिना २ टक्के व्याजानं, आणि दर महिन्याला मुद्दल ५०० रुपये फेडायचं ठरलं. मूळ रकमेवर सरसकट व्याज लावलं, तर दहा महिन्यांत १,००० रुपये होतात. शिल्लक राहिलेल्या मुद्दलावर लावलं, तर ५५०. साडेचारशे रुपयांचा फरक. मी स्क्रीनवर छान तक्ता दाखवायची. सगळ्या म्हणायच्या, "हो मॅडम, समजलं."

डोंगराकडच्या वाडीतल्या एका सीआरपी ताईंनी मात्र तक्ता बाजूलाच ठेवला. त्यांनी फोन पाट्याच्या कडेला टेकवला, कॅमेरा खाली जमिनीकडं केला आणि दहा चिंचोके मांडले. एक चिंचोका म्हणजे ५०० रुपये. दर महिन्याला प्रत्येक चिंचोक्यामागं १० रुपये व्याज. दहा चिंचोके, १०० रुपये. हप्ता भरला, एक चिंचोका उचलला. उरले नऊ, व्याज ९०. पुढच्या महिन्यात आठ, ८०. पलीकडून बायकांनी स्वतःच मोजायला सुरुवात केली. तोंड कुणाचंच दिसत नव्हतं, दिसत होते फक्त हात. तेव्हापासून आमच्यात पहिला नियम झाला : कॅमेरा तोंडावर नको, वहीवर धरा.

दुसरा नियम त्यातूनच निघाला. फोनवर "समजलं का?" असं विचारायचं नाही. समोर बसलेली बाई नुसती मान हलवते की तिला खरंच कळलंय, ते चेहऱ्यावर दिसतं. फोनवर सगळ्या "हो"च म्हणतात. त्यापेक्षा विचारायचं, "तिसऱ्या महिन्याचं व्याज किती आलं? आकडा सांगा." आणि मग गप्प बसायचं. ते गप्प बसणं फार जड जातं बरं का. रेंज गेली की काय असं वाटतं.

एकमेकींना धरून काम करायला मात्र फोनसारखं साधन नाही, हे मी मोकळेपणानं सांगते. लोकओएस अ‍ॅपमध्ये गटाच्या नोंदी भरताना एखादी अडकली, की ती त्या पानाचा फोटो टाकते आणि रात्री नऊ वाजता, जेवणं आटपली की, कुणीतरी बोलून सांगतं. ज्यांना टाइप करायला जमत नाही, त्या व्हॉइस मेसेज पाठवतात. आपल्या वयानं सगळ्यात मोठ्या सीआरपी अ‍ॅपचं बारावी झालेल्या पोरीला विचारतात, आणि गटात भांडण लागलं की तीच पोरगी त्यांना फोन लावते. आधी या दोघींची भेट महिन्यातून एकदा व्हायची, तीही चहापुरती.

आता न जमलेलं. पहिली गोष्ट, फोन कुणाचा? आपल्या कितीतरी सदस्यांच्या घरी चांगला फोन एकच, आणि तो नवऱ्याच्या नाहीतर मुलाच्या खिशात. २०२० मध्ये शाळेच्या अभ्यासाच्या लिंका त्याच फोनवर यायच्या, आणि पोराचा अभ्यास आणि आईची बैठक एकाच वेळी आली तर फोन कुणाला मिळायचा, ते मी सांगायला नको. आजही फार बदललेलं नाही. "ऑनलाइन या" म्हटलं की ज्यांच्या हातात फोन आहे त्याच येतात. मग पुढच्या वेळी लेखापाल निवडायची असली की त्यांचीच नावं पुढं येतात. बाकीच्या काही बोलत नाहीत, नुसत्या मागं राहतात.

दुसरी गोष्ट मला जास्त टोचते. घरात स्पीकर चालू असतो. सासू ऐकते, नवरा ऐकतो. हप्ता का थकला, पैसे कुणी नेले, अंगावर हात कुणी टाकला, हे कुठली बाई स्पीकरवर बोलेल? समोरासमोरच्या प्रशिक्षणात जेवणानंतर, ताट घासता घासता जे कानावर येतं, ते कुठल्याच कॉलवर आलेलं मी ऐकलं नाही. म्हणून आपण ज्याला जेवणाचा खर्च म्हणतोय, तो मला तरी नुसता जेवणाचा वाटत नाही. आणि त्यातच सांगते, थकबाकीच्या पानाचा फोटो कुणीही व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नये. वही गटाची आहे, गावाची नाही.

माझं म्हणणं असं आहे. उजळणी, अ‍ॅपच्या अडचणी, एकमेकींना विचारणं हे फोनवर राहू दे. त्यासाठी नेटपॅकचे पैसे संघानं द्यावेत, सीआरपींच्या मानधनातून जाऊ नयेत. नवा विषय पहिल्यांदा शिकवायचा असेल, आणि कर्ज किंवा थकबाकीबद्दल बोलायचं असेल, तर समोरासमोरच बसावं. नवीन सीआरपीचे पहिले तीन महिनेही तसेच, कुणीतरी शेजारी बसून. खर्च थोडा वाचेल, सगळा नाही.

ठराव पुढच्या मासिक बैठकीत येणार आहे. तोपर्यंत प्रत्येक ग्रामसंघानं आपल्या गटांत दोन प्रश्न विचारून यावं. घरातला फोन कुणाच्या हातात असतो? आणि अर्धा तास एकटीनं, दुसऱ्या कुणाला ऐकू न जाता बोलता येईल अशी जागा तुमच्या घरात आहे का? उत्तरं गटाच्या वहीत लिहून आणा, नावं घालू नका. नुसते आकडे पुरेत. लेखापाल ताई त्यांची बेरीज करून फळ्यावर मांडतील, आणि मग आपण मतदान घेऊ.