प्रॉक्सीच्या आड अडलेलं पॅकेज

(मंडळाच्या बैठकीत केलेल्या भाषणाचं टिपण. जे सभासद येऊ शकले नाहीत त्यांच्यासाठी.)



आजचा विषय रुक्ष आहे, हे आधीच मान्य करतो. पण आपल्यातले निम्मे संगणकवाले आणि उरलेल्यांतले बरेच जण एनएचएसमधले. दोघांनाही शुक्रवार, १२ मे २०१७ नीट आठवत असेल. त्या दिवशी वॉनाक्राय नावाचा किडा जगभर पसरला. इंग्लंडमधल्या सुमारे एक तृतीयांश ट्रस्टचं काम विस्कळीत झालं, आणि एनएचएसच्याच अंदाजाने १९ हजारांवर अपॉइंटमेंट रद्द झाल्या. ज्या भगदाडातून तो शिरला ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिलेलं होतं. दोन महिने ते अनेक यंत्रांपर्यंत पोचलंच नव्हतं.

या गोष्टीचा कमी ठाऊक असलेला भाग असा. तो किडा सुरू होताना एका विचित्र वेब-पत्त्यावर हाक मारून बघायचा. उत्तर आलं तर गप्प बसायचा. मार्कस हचिन्स या तरुण इंग्रज संशोधकाने तो पत्ता नोंदवला आणि साथीचा जोर ओसरला. पण किडा हाक मारायचा ती थेट, प्रॉक्सीमार्फत नाही. ज्या संस्थांत बाहेर जाणारी प्रत्येक विनंती प्रॉक्सीतूनच जावी लागते, तिथे त्याला उत्तर मिळायचं नाही आणि तो आपलं काम चालू ठेवायचा. अशा ठिकाणी तो पत्ता आपल्याच डीएनएसमध्ये घालून ठेवा, असं मायक्रोसॉफ्टला सांगावं लागलं.

आता, किड्याचं जे झालं तेच तुमच्या पॅकेज इन्स्टॉलचं होतं. बहुतेक वेळा त्या प्रोग्रॅमला प्रॉक्सी आहे हे ठाऊकच नसतं. "पण माझा ब्राउझर तर चालतोय!" हे वाक्य मी आजवर किती वेळा ऐकलं याची गणती नाही. ब्राउझर चालतो, कारण त्याला कंपनीची पॅक फाइल वाचता येते. ती फाइल म्हणजे जावास्क्रिप्टमधला छोटा प्रोग्रॅम. कुठल्या पत्त्यासाठी कुठली प्रॉक्सी ते ठरवणारा. कमांड लाइनवरची बहुतेक साधनं तिच्याकडे बघतही नाहीत. विंडोजवर तर दोन वेगळी खाती आहेत. विनआयनेट हे तुमचं, म्हणजे लॉगइन केलेल्या माणसाचं. विनएचटीटीपी हे यंत्राचं, आणि पाठीमागे चालणाऱ्या सर्व्हिसेस बहुधा दुसऱ्याकडे बघतात. तुम्ही सेटिंग बदलता पहिल्यात आणि अडतं दुसऱ्यात.

लिनक्सवर प्रकार थोडा वेगळा. शेलमध्ये तुम्ही प्रॉक्सीचे व्हेरिएबल लावता, कर्लने पान उतरवून बघता, सगळं ठीक. मग सुडो लावून ऍप्ट चालवता आणि ते लटकतं. कारण सुडो सहसा तुमचं वातावरण पुसून नवं देतो, त्यात ते व्हेरिएबल नसतात. म्हणून ऍप्टची प्रॉक्सी ऍप्टच्याच कॉन्फिगरेशन फाइलमध्ये लिहावी. डॉकरचंही तसंच: प्रतिमा उतरवतो तो पाठीमागचा डेमन, तुमचा शेल नव्हे. जावाचं घर आणखी निराळं, तिथे प्रॉक्सीही वेगळी सांगावी लागते आणि प्रमाणपत्रांची पेटीही वेगळी असते.

बारीक खोड्या पुष्कळ आहेत. पासवर्डमध्ये 'ॲट'चं चिन्ह असेल तर ते टक्का-चाळीस असं लिहावं लागतं, नाहीतर पत्ता तिथेच तुटतो. एचटीटीपीएससाठीच्या व्हेरिएबलमध्येही प्रॉक्सीचा स्वतःचा पत्ता बहुधा साध्या एचटीटीपीनेच सुरू होतो. तिथे उत्साहाने 'एस' जोडणारे खूप. 'नो प्रॉक्सी'ची यादी विसरलात तर घरातल्या सर्व्हरकडे जाणारी विनंतीही बाहेरच्या दरवाज्यावर जाते आणि हाकलली जाते. आणि कर्ल साध्या एचटीटीपीच्या प्रॉक्सीचं नाव फक्त लहान अक्षरांतलंच मानतो. हा हट्ट सकारण आहे. जुन्या पद्धतीच्या सीजीआय वेब सर्व्हरवर, परक्याने पाठवलेल्या हेडरमधून मोठ्या अक्षरांतलं तेच व्हेरिएबल तयार होतं. म्हणजे तुमचा सर्व्हर कुणाच्या प्रॉक्सीने जाणार हे तो परका ठरवणार! २०१६ साली 'एचटीटीपॉक्सी' या नावाने याची बरीच चर्चा झाली.

माझी विनंती एकच: उपाय करण्याआधी एरर वाचा. ४०७ आला तर प्रॉक्सीपर्यंत पोचलात, ती ओळख मागतेय. ४०३ आला तर बहुधा नियमाने अडवलंय. पासवर्ड दहादा घालून काही होणार नाही, उलट खातं लॉक होईल. काहीच न येता नुसतं लटकलं तर वाट चुकली आहे, बहुधा प्रॉक्सीला बगल देऊन थेट जायचा प्रयत्न चाललाय. 'हॅश जुळत नाही' असं ऍप्ट म्हणालं तर मधल्या कॅशने शिळी फाइल वाढली असण्याची शक्यता मोठी. महाराष्ट्रातल्या एखाद्या संस्थेचे संगणक तुम्ही इथून सांभाळत असाल तर हा शेवटचा प्रकार भेटतोच. आणि घड्याळ तपासा. यंत्राची तारीख चुकली असेल तर चांगलं प्रमाणपत्रही खोटं ठरतं. हे न करता काढून टाक, पुन्हा घाल, रीस्टार्ट कर, असं करणं म्हणजे अंगारे-धुपारेच की!

आता मुख्य मुद्दा, आणि इथे मी जरा कडक बोलणार आहे. पुष्कळ कंपन्यांची प्रॉक्सी एन्क्रिप्टेड रहदारी उघडून तपासते. त्यासाठी ती मूळ साइटच्या जागी स्वतःचं प्रमाणपत्र पुढे करते. कंपनीचं मूळ प्रमाणपत्र विंडोजच्या पेटीत घातलेलं असतं म्हणून ब्राउझर तक्रार करत नाही. पायथनचा पिप मात्र वर्षानुवर्षं स्वतःचीच पेटी बाळगत होता. २०२४ च्या २४.२ आवृत्तीपासून, नव्या पायथनवर, तो ऑपरेटिंग सिस्टिमची पेटी बघू लागला. नोडला ते प्रमाणपत्र वेगळं दाखवावं लागतं. आणि अशा वेळी इंटरनेटवर मिळणारा पहिला तोडगा कोणता? तपासणीच बंद करा!

कृपा करून हे करू नका. ऍप्टच्या पॅकेजांच्या याद्यांवर सही असते, म्हणून ती साध्या एचटीटीपीवरून आली तरी ऍप्ट त्या सहीवरून खरंखोटं ओळखतं. पिपच्या बाबतीत मुख्य भिस्त त्या एन्क्रिप्टेड जोडणीवरच असते. ती तपासणी बंद केलीत तर मधे बसलेला कुणीही तुम्हाला काहीही देऊ शकतो, आणि इन्स्टॉल होताना ते तुमच्या अधिकाराने चालतंही. मी एका ठिकाणी पाहिलं, तपासणी बंद करणारी ती एक ओळ कुणीतरी तात्पुरती घातलेली होती. पाच वर्षांनी ती प्रत्येक नव्या सर्व्हरवर आपोआप जात होती.

उलट बाजूचं उदाहरण इक्विफॅक्सचं. २०१७ च्या मार्चमध्ये स्ट्रट्सची दुरुस्ती उपलब्ध झाली, ती एका सर्व्हरवर लागली नाही, मे महिन्यात चोर शिरले. एन्क्रिप्टेड रहदारी तपासणारं यंत्र तिथे होतं, पण त्याचं प्रमाणपत्र कित्येक महिन्यांपूर्वी मुदत संपून पडलं होतं. जुलैच्या अखेरीस ते बदललं आणि लगेच संशयास्पद हालचाल दिसली. तोवर अमेरिकेतल्या सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती गेलेली होती. ब्रिटनमधल्या सुमारे १ कोटी ३८ लाखांनाही झळ लागली. इथल्या एफसीएने २०२३ मध्ये त्यासाठी १ कोटी १० लाख पौंडांहून अधिक दंड केला.

म्हणून नेटवर्कवाल्यांशी भांडण नको, नेमकी मागणी करा. "इंटरनेट चालत नाही" असं नका कळवू. कुठल्या यंत्रावरून, कुठल्या वेळी, कुठल्या पत्त्याकडे, कुठला क्रमांक आला, एवढं लिहा. त्यावरून त्यांना लॉगमध्ये नोंद सापडते. कंपनीचं मूळ प्रमाणपत्र मागून घ्या आणि रीतसर बसवा. सर्व्हर अनेक असतील तर आतच एक मिरर उभा करायला सांगा. मग बाहेर जाईल तो एकटा मिरर, आणि वैयक्तिक पासवर्ड दहा सर्व्हरच्या फाइलींत उघडे लिहावे लागणार नाहीत.

घरच्या लॅपटॉपवर ऑफिसची प्रॉक्सी चिकटून राहण्याबद्दल दोघांनी आधीच विचारलंय. त्याचं उत्तर चहा घेता घेता प्रत्यक्ष यंत्रावरच दाखवतो.